वाऱ्याकडचे दोर

११ फेब्रुवारी

कामाच्या नोंदवहीत आज लिहिलं, "मागच्या डोलकाठीचे सगळे दोर पाहिले. ठीक." त्या वहीत एवढंच लिहायचं असतं. कोण काय बोललं, कुणाचं डोकं फिरलं हे तिथे लिहिलं तर कप्तान वही समुद्रात टाकेल आणि तिच्यामागून मला. म्हणून ही दुसरी वही.

निघून सहा दिवस झाले. जहाजाच्या पोटात कॉफीची पोती, वर दोन डोलकाठ्या. इंजिन आहे, पण ते बंदरात आत-बाहेर करण्यापुरतं. वाऱ्यावर आलेला माल म्हणून हौशी लोक जास्त दाम देतात, त्यामुळे समुद्रात शीड एके शीड. जहाजावर आम्ही नऊजण. कप्तान आणि आचारी सोडले तर सगळे वर चढतात, आणि माझ्या शब्दावर चढतात. मी "ठीक" म्हटलं की त्या दोरावर जीव टाकायचा. एकतीस वर्षांत माझ्या "ठीक"वरून कुणी पडलेलं नाही. सगळे मला वस्ताद म्हणतात ते काही माझ्या मिशा बघून नाही.

ही वही कधी हिच्या हाती पडलीच, तर समजावं म्हणून लिहितो. तिला लग्नापासून सांगतोय आणि ती लग्नापासून नुसतं "हं" म्हणते. डोलकाठी दोन्ही बाजूंनी जाड दोरांनी ताणून धरलेली असते. त्या दोरांवर बारीक दोरीच्या पायऱ्या बांधलेल्या, चढायची शिडी तीच. वर आडव्या काठ्यांना शिडं, आणि प्रत्येक आडव्या काठीखाली पाय ठेवायला एक दोर, पायदोर. पोट काठीवर टाकायचं, पाय त्या दोरावर, दोन्ही हात कामाला मोकळे. म्हणजे सगळा माणूस त्या एका पायदोरावर.

या दोरांना पाणी लागू नये म्हणून त्यांवर कॅनव्हासची पट्टी, पट्टीवर सुतळीचे घट्ट वेढे, वेढ्यांवर डांबर. बाहेरून म्हातारा दोरही नवरदेव दिसतो. आतून कुजला तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून दोर अंगठ्याने बघायचा. चांगला दोर अंगठ्याला उलटा ढकलतो. कुजलेला दबतो आणि दबूनच राहतो. हे शिकवून येत नाही. मेहुण्याला चौदा वर्षं शिकवतोय.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, माझ्या हाताखाली दुसरा. वय चाळीस, बायको नाही, तोंड मात्र दोन संसारांचं. काल मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही दोर बघता की त्याची नाडी बघता?" धक्क्यावर निरोप द्यायला आलेली ही माझ्याशी एकच वाक्य बोलली, "त्याला नीट परत आणा." माझ्याबद्दल काही नाही. माझ्या पिशवीत शुगरच्या गोळ्यांची बाटली मात्र घातली होती.

१३ फेब्रुवारी

कोटाची बटणं हल्ली फार लहान करतात. सकाळी जेवणघरात मेहुण्याने न विचारता येऊन लावून दिली, सगळ्यांसमोर, जसं काही मी शाळेत निघालोय. त्याला झापला. तो म्हणाला, "ताईची सवय लागली असेल तुम्हाला, म्हणून लावली." आचारी हसला. आचाऱ्याला हसायला काहीही चालतं.

चहात साखर कमी घालतोय हा आचारी. त्यामागे कोण आहे ते मला ठाऊक आहे.

१४ फेब्रुवारी

उजवा तळहात भाजला. डांबर तापवायचा डबा उचलून मी शीडवालीशी बोलत उभा होतो. शीडवाली म्हणजे शिडं शिवणारी पोरगी, सव्वीस वर्षांची, मनात येईल ते बोलून मोकळी. ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "वस्ताद, कसला वास येतोय?" बघतो तर माझ्याच हाताचा. बोलण्याच्या नादात माणसाला भान राहत नाही. फोड अंड्याएवढा आला आहे, पण दुखत अजिबात नाही. इतक्या वर्षांत कातडी गेंड्याची झाली, त्याचा हा फायदा.

एक दिवसही सुट्टी घेतली नाही. पुढच्या डोलकाठीचे डावीकडचे दोर पूर्ण बघितले. एकूण एक कडक. जहाज जुनं असलं तरी दोर माझ्या हातचे आहेत, हे कुणालाही कळेल.

१६ फेब्रुवारी

आज मनस्ताप. दुपारी वर बघतो तर मेहुणा डावीकडच्या दोरांवर, मी परवाच पाहून "ठीक" लिहिलेल्या. एकेक दोर हातभर अंतरावर दाबतोय, वाकवून कान लावतोय. खाली आल्यावर विचारलं, हे काय चाललंय. म्हणाला, "शिकतोय." चौदा वर्षांनी याला शिकायची आठवण झाली.

"माझ्यावर शंका आहे का तुझी?"

"शंका कशाला येईल? तुम्ही बघितलेल्या दोरावरच शिकायला बरं ना. चुकलो तरी कुणी पडणार नाही."

गोड बोलून गळ्यात हात घालायची ही त्यांच्या घराण्याचीच रीत. हिचंही तसंच आहे. डॉक्टरकडे मला नेलं तेव्हा "नुसतं फिरून येऊ" असं म्हणून नेलं होतं.

१८ फेब्रुवारी

दोराचे पीळ उकलायचा माझा लोखंडी टोचा वरून पडला. डेकवर शीडवालीपासून दोन हातांवर रुतला. कामाची हत्यारं मनगटाला दोरीने बांधूनच वर न्यायची हा पहिला नियम, आणि मी तो कधी मोडलेला नाही. गाठ सुटली. सकाळी गाठ मेहुण्याने मारली असणार. शीडवालीला म्हणालो, बघून चालत जा. तिने टोचा उपटला आणि माझ्याऐवजी मेहुण्याच्या हातात दिला. ते मला आवडलं नाही.

संध्याकाळी त्याहून मोठं कळलं. पुढच्या डोलकाठीचा डावीकडचा पायदोर मेहुण्याने काढून नवा बांधला. माझा दोर, चार वर्षांपूर्वीचा, मीच "ठीक" लिहिलेला. जुना कुठे आहे विचारलं तर म्हणाला, फेकला. चांगला दोर समुद्रात फेकला, आणि जहाजावर आता नव्या दोराचं एकच वेटोळं उरलं आहे.

"का काढलास?"

"थोडा मऊ वाटला, भावोजी."

"मला नाही वाटला."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. भाजलेल्या हाताला शीडवालीने कापड बांधलं होतं. म्हणाला, "तुमचा हात बांधलेला होता ना, म्हणून." हात त्या वेळी बांधलेला होता हे खरं. पण मी अंगठ्याने बघतो आणि अंगठा उघडा होता.

आता सगळं लख्ख दिसतंय. निघायच्या आधी कप्तान मला म्हणाला होता, वस्ताद, तुमच्यानंतर कोण, याचा विचार केलाय का. मी म्हणालो होतो, माझ्यानंतर मीच. पण कुणीतरी विचार केलेला दिसतोय.

१९ फेब्रुवारी

कप्तानाकडे गेलो. तो नकाशावर वाकला होता. मनात होतं ते सगळं बोललो. एकाच दोरावर दोघांचा शब्द चालणार असेल तर उद्या वर चढणारा कुणाचं ऐकेल? जहाजावर दोर बघणारा एकच असतो. नाहीतर मला पुढच्या बंदरात उतरवा.

कप्तान भला माणूस आहे, पण कटकट त्याला सोसत नाही. त्याने मेहुण्याला बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, वस्तादांनी पास केलेल्या दोराला यापुढे कुणी हात लावायचा नाही. मग त्याने विचारलं, "तुला काही सांगायचंय का?"

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं असतं तर मी तिथल्या तिथे त्याची सालटी काढली असती. तो म्हणाला, "नाही, काही नाही."

बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

२० फेब्रुवारी

पुढच्या डोलकाठीचे उजवीकडचे दोर पाहिले. ठीक.

खाली उतरल्यावर मेहुणा माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. म्हणाला, "उजवीकडचे आपण दोघं मिळून बघूया का? तुम्ही पुढे, मी मागे. वहीत तुमचंच नाव. कुणाला कळणारही नाही."

मी म्हणालो, "कळणार नाही म्हणजे काय? मी काय चोरी करतोय?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

तो खाली बघायला लागला. माझा डावा मोजा रक्ताने चिकटलेला त्याला दिसला. बुटात खिळा आला होता. मला दिवसभरात समजलाच नव्हता, कामात असलो की मला असलं काही समजत नाही. त्याने गरम पाणी आणलं, मोजा भिजवून सोडवला, जखम पुसली. या माणसाचं तोंड बंद बघायची सवय नसल्यामुळे मलाच कसंतरी झालं. जाताना म्हणाला, "गोळ्या घेता का?" मी म्हणालो, घेतो. बाटली पहिल्याच आठवड्यात समुद्रात गेली. दोर ओढणाऱ्या माणसाला कसली शुगर.

२३ फेब्रुवारी

वारा फिरला. निघाल्यापासून डावीकडून होता, आता उजवीकडून आणि चढता. वर जायचं ते नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने. जहाज त्या बाजूने उचललेलं असतं, दोर ताठ असतात आणि वारा माणसाला दोरांवर दाबून धरतो. म्हणजे आता सगळी चढउतार उजवीकडून. मेहुणा सकाळपासून उजवीकडच्या दोरांखाली घुटमळतोय. कप्तानाचा हुकूम आहे, म्हणून हात लावत नाही. बघू दे नुसता.

२४ फेब्रुवारी

मेहुणा पडला.

२५ फेब्रुवारी

काल त्या दोन शब्दांपुढे लिहिणं झालं नाही. आज लिहितो.

काल सकाळी वाऱ्याने पुढच्या डोलकाठीच्या वरच्या शिडाची उजवी कड फाटायला लागली. ती बांधायला कुणीतरी काठीच्या टोकापर्यंत जायला हवं होतं. शीडवाली निघाली, तिचंच काम ते. मेहुण्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं, म्हणाला, मी जातो. कप्तानाने मला विचारलं, "उजवीकडचा पायदोर?" मी म्हणालो, "ठीक आहे. चार दिवसांपूर्वीच बघितलाय." सगळे उभे होते. मेहुणा हसला. म्हणाला, "भावोजींनी बघितलंय म्हणजे झालं." आणि चढला.

काठीवर पोट टाकून तो टोकाकडे सरकत गेला. मी खालून बघत होतो. टोकाला पोचला, दोन्ही हात शिडाला घातले, आणि त्याच्या पायाखालचा दोर गेला. आवाज झाला नाही. चांगला दोर तुटताना बंदुकीसारखा वाजतो. हा नुसता सुटा झाला. मेहुणा आधी खालच्या काठीवर आणि मग डेकवर आला.

कंबर मोडली आहे. पाय हलत नाहीत. पोट फुगत चाललंय. जवळचं बंदर नऊ दिवसांवर.

मी स्वतःला दिवसभर सांगत होतो की आधी त्याचा पाय सरकला आणि त्या झटक्याने दोर तुटला. कप्तानाने तेच लिहिलं आहे. आज दुपारी तुटलेला तुकडा घेऊन बसलो. अंगठ्याने दाबला. घट्ट होता, उलटा ढकलत होता. मग नव्या वेटोळ्यातला दोर आणून दाबला. तोही तसाच. मग जेवणघरातला बाक दाबला. तोही तसाच लागला. चहाचा पेला, पाव, माझी स्वतःची मांडी, सगळं एकसारखं.

तो तुकडा आचाऱ्यापुढे धरला आणि म्हटलं, दाबून बघ. आचाऱ्याला दोरातलं शष्प कळत नाही. त्याने दोन बोटांत धरला आणि लगेच टाकला. बोटं फडक्याला पुसली. म्हणाला, "आत लगदा आहे की, वस्ताद. काळं पाणी आलं." मला ते पाणीसुद्धा बोटांना लागलं नव्हतं.

आचाऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही. मला रडू आलं, आणि आचारी पाठ वळवून बटाटे सोलायला लागला.

२६ फेब्रुवारी

मेहुणा शुद्धीवर होता. मी म्हणालो, माझे हात गेलेत. तो म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"ताईने सांगितलं. घरात तुम्हाला पडलेली सुई उचलता येत नाही, तिने दोन वेळा बघितलं. मला म्हणाली, यांना नीट परत आण."

म्हणजे धक्क्यावर तिने दोघांना एकच वाक्य सांगितलं होतं. आणि डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाच्या हाती बिनडोक माणसाला दिलं होतं. मी मात्र ते उलटं समजून बसलो.

"मग कप्तानापुढे का नाही बोललास? मूर्खा, त्याने विचारलं होतं तुला."

"बोललो असतो तर तुम्हाला उतरवलं असतं. घरी बसून तुम्ही काय केलं असतं? ताईचं डोकं खाल्लं असतंत." मग म्हणाला, "वाटलं, माझ्याने होईल. एकेक करत सगळे बघून होतील."

मी विचारलं, किती झाले. मला त्या वेळीसुद्धा दोरच सुचले, याची लाज वाटते, पण विचारलं.

"मागची डोलकाठी सगळी. पुढची डावीकडची सगळी. तिथे पायदोर सोडून काठी ताणून धरणारे दोन दोरही गेलेले होते, ते जोडले. उजवीकडे नाही पोचलो."

"परवा वर गेल्यावर दाबून नाही बघितलास?"

"वारा होता. शीड फाटत होतं." मग तोंड वाकडं करून म्हणाला, "आणि म्हटलं, एखादा तरी तुम्ही बरोबर बघितला असेल."

हसायचा प्रयत्न करत होता. मला त्याच्याबरोबर हसता आलं नाही. त्याचा हात हातात घेतला. माझ्या हाताला तो गरम आहे की गार तेही कळेना. शेवटी त्याची बोटं गालाला लावून बघितली. गार होती.

चार वाजता गेला. शीडवालीने त्याला नव्या कॅनव्हासमध्ये शिवलं. टाके बारीक घातले, कुणी बघणार नसूनही.

२८ फेब्रुवारी

सकाळपासून वारा वाढतोय, उजवीकडूनच. कप्तान म्हणाला, दुपारपर्यंत वादळ. पुढच्या डोलकाठीवरची दोन्ही शिडं गुंडाळायलाच हवीत, नाहीतर काठी जाईल, आणि काठी गेली की जहाज वाऱ्याबरोबर वाहत जाईल. डावीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, खडकांची रांग आहे. तीन मैल.

मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. हात, अंगठा, गोळ्या, मेहुण्याने काय केलं, कुठपर्यंत केलं. उजवीकडचा एकही दोर कुणी बघितलेला नाही, असं सांगितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, जहाज फिरवा, वारा डावीकडून घ्या, डावीकडचे दोर भक्कम आहेत, तिकडून चढता येईल. तो म्हणाला, "फिरवलं तर अर्ध्या तासात खडकांवर." मी म्हणालो, मग मी जातो वर, पुढे मी, दाबून कळत नाही तर पाय आपटत जातो. त्याने मला उजवीकडच्या दोरांपाशी नेलं आणि म्हणाला, चढा. तीन पायऱ्या चढलो. चौथीवर पाय आहे असं वाटलं, आणि नव्हता. त्याने मला कमरेला धरून खाली घेतलं, पोत्यासारखं.

"बोटं कळत नाहीत, पाय कळत नाहीत. वर जाऊन गाठ कशाने माराल?"

मी म्हणालो, निदान त्यांना खरं सांगू या.

"सांगितलं तर कुणी चढणार नाही. कुणी चढलं नाही तर आपण सगळेच गेलो. चढले तर कदाचित दोर धरतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते मला विचारणार नाहीत, वस्ताद. तुम्हाला विचारतील."

उरलेले पाचजण डेकवर आले. चढायला तिघं हवे होते. मेहुण्याच्या जागी शीडवाली पुढे झाली, तिच्यामागे दोन खलाशी. त्याचं पडणं सगळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे कुणी हलेना. शीडवालीने मला विचारलं, "त्याचा पाय सरकला होता ना? दोर आधी नव्हता ना गेला?"

आचारी दारात उभा होता. त्याने बोटांनी तो लगदा दाबलेला आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेला.

मी म्हणालो, "सरकला."

"आणि उजवीकडचे दोर?"

"ठीक आहेत. मी स्वतः बघितलेत."

आत्ता तिघं वर आहेत. कप्तानाने मला खाली खोलीत पाठवलं आहे. कुणी वरून वळून बघितलं तर माझं तोंड दिसू नये म्हणून, असं तो सरळच म्हणाला. डोक्यावर वाऱ्याचा आवाज एवढा आहे की कुणी पडलं तरी मला ऐकू येणार नाही. हिला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. सांगायला मी उरेन की नाही तेही माहीत नाही. उरूच नये असं वाटतं, पण ते तिघं उरावेत, आणि ते उरले तर मीही उरेन.

शीडवाली पहिल्या पायरीवर चढली तेव्हा तिने दोर दाबून बघितला नाही. तिला बघता येत नाही, ते मी तिला शिकवलेलं नाही. तिने मान मागे वळवून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, आणि ती दुसऱ्या पायरीवर चढली.